लिटल डायोमीड बेटावर माणसं रोजचं आयुष्य कसं काढतात? कुणाला नीट माहिती आहे का

मृण्मयी, धायरी

नमस्कार मंडळी. मुलगा नववीत आहे, भूगोलात आंतरराष्ट्रीय वाररेषा चालू आहे आणि त्याला प्रकल्पाला विषय आलाय बेरिंग सामुद्रधुनीतली डायोमीड बेटं. दोन बेटं, मोठं रशियाचं, छोटं अमेरिकेचं, मधे जेमतेम पावणेचार किलोमीटर समुद्र आणि त्यातूनच देशाची हद्दही जाते आणि वाररेषाही. मोठ्या बेटावर रशियाचे सीमेवरचे जवान सोडले तर वस्तीच नाही, छोट्यावर एक गाव आहे, २०२० च्या जनगणनेत ८३ माणसं.

आता प्रॉब्लेम असा की नेटवर काहीही शोधा, जो तो एकच सांगतो की इथे उभं राहिलं की समोर उद्याचा दिवस दिसतो, व्हिडिओ संपला. मी त्या गावाचा फोटो मोठा करून बघत बसले, नुसता दगडांचा उभा चढ, त्यावर खांबांवर उभी केलेली घरं, मधून लाकडी पायऱ्या, झाड औषधालाही नाही, गाडी जाईल असा रस्ता नाही. आणि माझ्या डोक्यात तेव्हापासून हेच चालू आहे की तिथल्या बाईला सकाळी उठल्यावर पाणी कुठून मिळतं, किराणा कुठून येतो, पोरं कुठल्या शाळेत जातात, रात्री कुणाच्या छातीत दुखायला लागलं तर काय करतात. आणि समोरचं बेट एवढं जवळ आहे तर पूर्वी येणंजाणं असेलच ना, मग तिकडची माणसं कुठे गेली? मुलाला मी म्हटलं की तारखेची गंमत एका पानात संपव, बाकीचा प्रकल्प माणसांवर कर. तर प्लीज ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी लिहा.

निवृत्त भूगोल मास्तर, टिळक रोड

ताई, तुम्ही मुलाला सांगितलंत ते अगदी बरोबर सांगितलंत. वेळेचं आधी मिटवून टाकू. हिवाळ्यात दोन बेटांत २१ तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात अलास्कातली घड्याळं एक तास पुढे करतात म्हणून २० होतो. म्हणजे पुण्यात जानेवारीतल्या रविवारी सकाळचे १० वाजलेत असं धरा, तर छोट्या डायोमीडवर अजून शनिवार संध्याकाळचे साडेसात आणि मोठ्यावर रविवार दुपारचे साडेचार. त्याला स्वतःला हे गणित करू दे, आपल्या वेळेपासून दोन्हीकडे मोजलं की वाररेषा कायमची डोक्यात बसते, मी वर्गात असंच करून घ्यायचो.

आता माणसांचं. दोन्ही बेटांवर मूळची इनुपियाक, म्हणजे अलास्काकडच्या मूळ रहिवासी लोकांचीच वस्ती. भाषा एक, सोयरिकी एकमेकांत, उन्हाळ्यात कातड्याच्या होड्यांतून आणि हिवाळ्यात गोठलेल्या समुद्रावरून चालत येणंजाणं. रशियाच्या नौदलातला दर्यावर्दी व्हिटस बेरिंग १७२८ मध्ये तिथून गेला, तो दिवस संत डायोमीडचा होता म्हणून बेटांना ते नाव पडलं. १८६७ मध्ये रशियाने अलास्का अमेरिकेला ७२ लाख डॉलरला विकलं आणि करारात हद्द लिहिताना या दोन बेटांच्या बरोबर मधून रेघ ओढली. गंमत म्हणजे त्या रेघेने पुढची साठसत्तर वर्षं तिथल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात फारसा फरक पडला नाही, लोक आपले जात होते येत होते.

खरा घाव दुसऱ्या महायुद्धानंतरचा. शीतयुद्ध सुरू झालं, १९४८ च्या सुमाराला सोव्हिएत सरकारने मोठ्या बेटावरच्या लोकांना उचलून सायबेरियाच्या किनाऱ्यावर नेलं आणि बेटावर लष्करी ठाणं केलं. छोट्या बेटावरच्यांचे मामा, मावश्या, चुलत भावंडं एका झटक्यात पलीकडे गेली आणि त्यानंतर कित्येकांची गाठ कधीच पडली नाही. ताई, तुमच्या "तिकडची माणसं कुठे गेली"चं उत्तर हे आहे, आणि प्रकल्पात हे आलंच पाहिजे, कारण पाठ्यपुस्तकातल्या नकाशात ती रेघ फार निरुपद्रवी दिसते.

अजून एक त्याला नक्की घ्यायला सांगा. ७ ऑगस्ट १९८७ ला लिन कॉक्स नावाची अमेरिकन जलतरणपटू छोट्या बेटावरून पोहत मोठ्या बेटावर गेली, पाणी साधारण ४ अंश सेल्सिअस, साधा पोहण्याचा पोशाख, दोन तासांच्या थोडं वर वेळ लागला. धुकं होतं, गावातल्या लोकांच्या होड्या सोबत होत्या. सोव्हिएत सरकारची परवानगी अगदी शेवटच्या घटकेला आली होती. त्याच वर्षी डिसेंबरात वॉशिंग्टनला अण्वस्त्र कराराच्या वेळी सोव्हिएत नेते गोर्बाचेव्हनी तिचं नाव घेऊन कौतुक केलं. पुढच्या वर्षी, जून १९८८ मध्ये, अलास्कातल्या नोमहून सोव्हिएत बाजूच्या प्रोविदेनियाला मैत्रीचं विमान गेलं आणि त्यात किनाऱ्यावरच्या गावांमधली मूळ रहिवासी मंडळी होती, चाळीस वर्षांनी नातेवाइकांना भेटायला निघालेली.

अँकरेजचा पुणेकर

मी मूळचा सिंहगड रोडचा, आता अलास्कात अँकरेजला असतो. डायोमीडवर स्वतः पाऊल ठेवलेलं नाही हे आधीच सांगतो पण कामामुळे नोमला जाणं होतं आणि डायोमीडचा सगळा संसार नोमवरूनच चालतो, तिथून साधारण २०० किमी. (नोमलाही बाकी राज्यातून रस्ता नाही बरं का, विमानानेच जायचं.)

बेटावर धावपट्टी करायला सपाट जागाच नाही, त्यामुळे हेलिकॉप्टर. आठवड्यातून एकदा, तेही हवा चांगली असेल तर. टपाल पण त्यातूनच जातं, अमेरिकेत हेलिकॉप्टरने नियमित टपाल मिळणारी गावं अगदी मोजकी त्यातलं हे एक. वारा नेहमी उत्तरेचा आणि झंझावात आला की ताशी १०० किमीच्या वर सहज जातो, उन्हाळ्यात वारा कमी तर धुकं, म्हणजे आठवड्यातून एकदा हे कागदावर, प्रत्यक्षात दोन दोन तीन तीन आठवडे काही हलत नाही असं होतं. मी नोमला त्या काउंटरजवळ बसलेलो असताना बघितलंय, खोक्यांची रांग लावलेली असते, प्रत्येकावर मार्करने आडनाव आणि खाली मोठ्या अक्षरात डायोमीड, एकात डायपर, एकात दूध पावडर, अंड्यांचे ट्रे टेप मारून मारून पॅक केलेले. प्रत्येक खोकं वजन करून चढतं आणि माणूस पण वजनकाट्यावर उभा राहूनच चढतो, कारण हेलिकॉप्टर छोटं आणि खाली बर्फाचं पाणी. एक आजी नातवाला घेऊन रोज सकाळी येऊन विचारायच्या आज उडणार का, आणि काउंटरवरची मुलगी खिडकीबाहेर बघून नाही म्हणायची, आजी काही न बोलता नातवाचं जॅकेट परत नीट करून निघून जायच्या. चिडचिड नाही, आदळआपट नाही. मला ते फार लागलं.

जड सामान, म्हणजे डिझेल, बांधकामाचं लाकूड, मोठी मशिनं वगैरे उन्हाळ्यात बार्जने, म्हणजे सपाट मालवाहू बोटीने येतं, साधारण वर्षातून एकदा. बंदर नाही, खडकाळ किनाऱ्यावरच उतरवायचं. वीज डिझेल जनरेटरची, त्यामुळे ती बार्ज आली नाही तर वर्षाचे वांधे.

पाणी. ताई तुम्ही हा प्रश्न पहिला विचारलात आणि तोच सगळ्यात अवघड आहे. डोंगरातून एक झरा येतो, उन्हाळ्यात त्याचं पाणी शुद्ध करून एका मोठ्या लोखंडी टाकीत भरून ठेवतात, सोळा लाख लिटरच्या आसपास, आणि हिवाळाभर ते पुरवायचं. बहुतेक घरांत नळ नाही, लोक भरून नेतात. संडास म्हणजे बादली. कपडे धुवायला आणि आंघोळीला गावात एक सार्वजनिक इमारत आहे तिथे वॉशिंग मशीन आणि शॉवर. साधारण मार्चच्या आसपास टाकी तळाला जाते आणि मग ती इमारत बंद ठेवावी लागते. माझ्या आईकडे सोसायटीत मार्च लागला की टँकरचे फोन सुरू होतात, पण टँकर निदान येतो हो, इथे मार्च म्हणजे भर थंडी, बर्फ आणून वितळवायचा एवढाच मार्ग.

डॉक्टर गावात राहत नाही. छोटा दवाखाना आहे, गावातलीच ट्रेनिंग घेतलेली आरोग्यसेविका असते, ती फोनवर नोमच्या डॉक्टरशी बोलून उपचार करते. सीरियस झालं तर हेलिकॉप्टर बोलवायचं आणि परत तेच, हवेची मर्जी. बाळंतपणासाठी अलास्कातल्या अशा गावांतल्या बायकांना तारखेच्या कित्येक आठवडे आधी मोठ्या गावी जाऊन थांबावं लागतं, घरदार मोठी मुलं मागे ठेवून. शाळा मात्र गावातच आहे, बालवर्गापासून बारावीपर्यंत एकाच इमारतीत, आणि कार्यक्रम असो मीटिंग असो, गाव जमतं ते तिथेच.

राहुल, वाकड

सगळं वाचलं, छान माहिती. पण मनापासून एक विचारतो, कुणाला वाईट वाटू नये. ८३ माणसं, त्यांच्यासाठी हेलिकॉप्टर, जनरेटर, शाळा, दवाखाना, आणि एवढं करूनही मार्चमध्ये आंघोळीला पाणी नाही आणि हार्ट अ‍ॅटॅक आला तर हवेच्या भरवशावर. सरकारने नोममध्ये चांगली घरं बांधून द्यावीत आणि सगळ्यांना शिफ्ट करावं हे त्यांच्याच भल्याचं नाही का? पोरांना कॉलेज मिळेल, बायकांना नळाचं पाणी मिळेल. २००० साली तिथे १४६ लोक होते, २०१० ला ११५, आता ८३, म्हणजे लोक तसेही निघून चाललेच आहेत ना.

श्रुती, येरवडा

राहुल, तुझा प्रश्न रास्त आहे आणि आपल्याकडे धरणाच्या वेळी पण हाच प्रश्न विचारला गेला. मी डेक्कन कॉलेजला मानवशास्त्र शिकले, ध्रुवाजवळच्या लोकांवर बरंच वाचन झालंय म्हणून थोडं सविस्तर लिहिते, कारण शिफ्ट करून काय होतं हे त्याच समुद्रात घडून गेलंय.

डायोमीडच्या दक्षिणेला किंग आयलंड आहे. तिथे उकिव्होक नावाचं गाव होतं, तेही असंच उभ्या कड्यावर, लाकडी खांबांवर घरं, दोनेकशे माणसं. हिवाळा बेटावर आणि उन्हाळ्यात होड्यांनी नोमला, अशी त्यांची पद्धत. १९५९ मध्ये सरकारी खात्याने तिथली शाळा बंद केली. कुणाला हाताला धरून बाहेर काढलं नाही, फक्त शाळा बंद केली, मग मुलांना शिकवायचं तर नोमला राहणं आलं, मुलांमागे आया आल्या, आणि बेटावर शिकारीला, हिवाळ्याची बेगमी करायला हात उरले नाहीत. १९७० पर्यंत बेट रिकामं झालं. ते गाव अजून कड्यावर उभं आहे, घरं मोडकळीला आलेली. आणि समोर मोठ्या डायोमीडचं काय झालं ते मास्तरांनी लिहिलंच आहे. म्हणजे एका बाजूला लष्कराने हलवलं, दुसऱ्या बाजूला शाळा बंद करून हलवलं, ऐन सामुद्रधुनीतलं बेटावरचं जगणं आता या एकाच गावात टिकलंय. त्यामुळे "हलवा त्यांना" हे ऐकलं की मला धस्स होतं.

दुसरं म्हणजे ते लोक तिथे अडकलेले नाहीत, ते तिथे आहेत कारण ती जागा त्यांच्या दृष्टीने भरलेली आहे. बेरिंग सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी ८० किमीपेक्षा थोडीच जास्त रुंद आहे आणि पॅसिफिककडून उत्तरेला जाणारे वॉलरस, सील, देवमासे सगळे या फटीतून जातात, आणि हे बेट त्या फटीच्या मधोमध आहे. वसंतात बर्फ मागे सरकू लागला की वॉलरस त्याच्या मागोमाग उत्तरेला निघतात, बेटावर बसून ते येताना दिसतात. मिळालेलं मांस घराघरांत वाटलं जातं, ज्या घरात शिकारीला जाणारं कुणी नाही तिथे आधी. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून निळे खेकडे धरतात, दोरीला आमिष बांधून खाली सोडायचं, खेकडा ते घट्ट पकडून बसतो, मग अगदी सावकाश वर ओढायचं, घाई केली की त्याने सोडलंच. उन्हाळ्यात ऑकलेट नावाचे छोटे समुद्रपक्षी लाखोंनी बेटावर येतात, डोंगराच्या उतारावर दगडांच्या आडोशाला बसून लांब दांड्याच्या जाळीने उडत्या थव्यातून पक्षी झेलतात. हे सगळं पोरांना कुणी तासाला बसवून शिकवत नाही, सोबत नेऊन शिकवतात. वॉलरसच्या सुळ्यांवरचं कोरीवकाम तिथलं नावाजलेलं आहे, अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने सागरी सस्तन प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आली पण अलास्काच्या मूळ रहिवाशांना पोटापुरती शिकार आणि हस्तकलेसाठी मुभा ठेवलेली आहे, आणि रोख पैसा हातात येण्याचा तो तिथे एक मुख्य मार्ग आहे. आता हीच माणसं नोमला भाड्याच्या घरात नेऊन ठेवली तर खेकडा विकत घ्यावा लागेल, आणि ज्याला गावात सगळे मानतात तो शिकारी नोमला काम शोधत फिरेल. नळ मिळेल, हे खरं आहे. नळाची गरज आहेच, ते कुणी नाकारत नाही. पण नळ तिथे नेऊन द्या ना.

फौजी घरातला, खडकी

श्रुतीताईंचं वाचून एक आठवलं म्हणून लिहितो. आपल्याकडे ग्रेट निकोबारवर कॅम्पबेल बे आहे, १९६९ पासून तिथे माजी सैनिकांची कुटुंबं सरकारने नेऊन वसवली, पंजाबातली होती तशी आपल्या महाराष्ट्रातली पण होती. वडिलांच्या पलटणीतले एक काका तिकडे गेलेले, सुट्टीला यायचे तेव्हा सांगायचे की बोट आली की अख्खी वस्ती धक्क्यावर जमते, पत्र, कांदे-बटाटे, औषधं सगळं त्याच बोटीवर. बेटाच्या दक्षिण टोकापासून सुमात्रा दीडशे किमीच्या आसपास. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात तिथली जमीनच चार मीटरच्या वर खचली, इंदिरा पॉइंटच्या दीपस्तंभाच्या पायथ्याशी समुद्र आला.

पण फरक बघा, कॅम्पबेल बेच्या सेटलरांना तिथे नेलं कारण सीमा होती, तिथे आपली माणसं असावीत म्हणून. (निकोबारी आणि शोम्पेन लोक अर्थात आधीपासून तिथले, त्यांची गोष्ट वेगळी.) डायोमीडला माणसं आधी होती आणि सीमा त्यांच्या दारात नंतर आली. त्यामुळे राहुल, खर्चाचा हिशोब काढायचा तर दोन्ही बाजूंनी काढावा लागेल, रेघ तर देशांनी त्यांच्या सोयीने ओढली आणि नातेवाईक यांचे गेले.

राहुल, वाकड

किंग आयलंडचं माहीत नव्हतं, वाचून काढतो. पण एक मुद्दा राहतोच. श्रुती म्हणते ते सगळं बर्फावर आणि वॉलरसवर उभं आहे. बर्फच राहिला नाही तर?

अँकरेजचा पुणेकर

राहुल, हा प्रश्न तिकडे सगळ्यांच्याच तोंडी आहे. पूर्वी हिवाळ्यात दोन बेटांच्या मधे बर्फ इतका जाड आणि घट्ट धरायचा की गावकरी त्यावरच धावपट्टी साफ करायचे आणि छोटी विमानं उतरायची, म्हणजे सामानाची वाहतूक उलट हिवाळ्यातच सोपी व्हायची. अलीकडे तसा भरवशाचा बर्फ धरत नाही. २०१८ आणि २०१९ च्या हिवाळ्यात तर बेरिंग समुद्रात इतका कमी बर्फ होता की मोजणी सुरू झाल्यापासून तसं बघितलेलं नव्हतं. बर्फ नाही म्हणजे विमान नाही, खेकड्याची भोकं नाहीत, आणि वादळात लाटा अडवायला काहीच नाही, त्या सरळ किनाऱ्यावर येतात आणि घरं किनाऱ्यालाच आहेत. वॉलरस पण बर्फाबरोबर लवकर निघून जातात, शिकारीचे दिवस कमी होतात.

मला विचारशील तर उद्या गावाने स्वतः बसून ठरवलं की आता हलायचं, तर सरकारने पाठीशी उभं राहावं, अलास्कात किनाऱ्यावरच्या न्यूटॉक गावाने असं मतदान करून ठरवलं आणि नवीन जागी गाव बांधलं, वर्षानुवर्षं लागली त्याला. पण ठरवणार त्यांनी. शाळा बंद करून, हेलिकॉप्टर बंद करून त्यांना निघायला लावणं म्हणजे किंग आयलंडचंच परत करणं.

मृण्मयी, धायरी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं काही मिळेल असं वाटलं नव्हतं. लेकाने सगळं वाचलं, मास्तरांनी सांगितलेलं वेळेचं गणित त्याने स्वतः केलं आणि बरोबर आलं सर. प्रकल्पाचे भाग त्याने आता असे केलेत, पाणी, सामान, शिकार, मोठ्या बेटावरून गेलेली माणसं, आणि किंग आयलंडला तो वेगळं पान देणार आहे. "शाळा बंद झाली म्हणून गाव गेलं" हे त्याला फार खटकलं, संध्याकाळपासून तेच बोलतोय.

एक शेवटचं. त्याला तिथल्या शाळेतल्या मुलांना पत्र लिहायचंय, पुण्याचे आणि सिंहगडाचे फोटो घालून. अँकरेजच्या दादा, असं पोचेल का पत्र? आणि कधी टाकायचं?

अँकरेजचा पुणेकर

नक्की पोचेल ताई. पाकिटावर डायोमीड स्कूल, डायोमीड, अलास्का ९९७६२, यूएसए एवढं रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत लिहा, पुरेल. आपल्या पोस्टातून एअरमेलने टाका, पाकीट पातळ ठेवा आणि फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला कारण शेवटचा टप्पा हेलिकॉप्टरचा आणि तिथे दमटपणा फार. मे महिन्याच्या मध्यानंतर शाळेला सुट्टी लागते, ऑगस्टच्या उत्तरार्धात परत सुरू होते, त्यामुळे जुलै अखेरीस टाकलंत तर वेळ बरोबर जमेल. उत्तर यायला वेळ लागला तर त्याला सांगा की हवा खराब असेल, पत्र नोमला पडून असेल. आणि त्याने मुलांना प्रश्न विचारावेत, नुसती स्वतःची माहिती देऊ नये, खेकडा कसा धरतात, पक्ष्यांची जाळी कोण बनवतं, हे विचारलं तर ती पोरं हौसेने लिहितील.